खालचा खण

दार ढकलून सुतारबाई आत गेली तेव्हा वीस हात एकदम वर झाले. बालवाडीतली मुलं ती, तीन-साडेतीन वर्षांची, कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणाच्या एकाच पायात मोजा. तिला वाटलं, नमस्काराची ही काहीतरी नवी पद्धत शिकवलेली असावी. म्हणून तिनंही टेप धरलेला हात वर केला आणि हसली. मुलं हसली नाहीत. हात तसेच वर, बोटं उघडमीट करणारी, आणि डोळे तिच्या डोक्याच्याही वर कुठेतरी. तेव्हा बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "अहो, नमस्कार नाही तो. त्यांना काहीतरी हवंय. कुणी मोठं माणूस आलं की हात वर करतात. सगळं वर आहे ना." सुतारबाईनं वर पाहिलं. चेंडू वर, ठोकळे वर, पाण्याच्या बाटल्या वर, चित्रांची पुस्तकं तर छताला टेकलेली. फळी मजबूत होती, एका रेषेत होती, टोकं गोल घासलेली होती. सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच ठोकलेली फळी ती. तेव्हा बाईंनी चहा पाजला होता आणि काम झकास झालं म्हणाल्या होत्या. तिनं हळूच आपला हात खाली घेतला.

शहरात सगळ्यांच्याच वस्तू वर असत. अकरा वर्षांपूर्वी वादळात समुद्र आत आला आणि तीन दिवस छातीइतका उभा राहिला, तेव्हापासून घराघराच्या भिंतीवर ती रेघ होती. रंगाचे चार-चार हात दिले गेले, रेघ दिसेनाशी झाली, पण कुणालाही डोळे मिटून विचारा, तो बोट बरोबर तिच्यावरच ठेवील. रेघेखाली कुणी काही ठेवत नसे. विजेची बटणं डोक्याच्या उंचीला गेली. औषधवाल्याकडे सर्दीची गोळी मागितली तरी तो आधी शिडी लावायचा. दिवाणखान्यांतून निम्मी भिंत मोकळी आणि उरलेल्या निम्मीवर सगळा संसार टांगलेला. झाडूला तेवढं सुख झालं. आणि हे सगळं टांगून देण्यात सुतारबाईचा हात मोठा. तिची कपाटं उंच पायांची, कमरेपर्यंत नुसते पाय, मग वर पोट. लोक लांबून यायचे. बाकी शहर सावरलं होतं. पूल उभा राहिला, गोदीतल्या माल उचलायच्या याऱ्या पुन्हा हलायला लागल्या, बंदराला नवी भिंत आली, पंप बसले. दर वर्षी त्या तारखेला वर्तमानपत्रं लिहायची की आपण पुन्हा उभे आहोत. ते खरंच होतं. उभे सगळेच होते, बसायला मात्र कुणाची तयारी नव्हती.

बाईंचं म्हणणं साधं होतं. बालवाडी दुसऱ्या मजल्यावरून खाली, रस्त्याला लागून असलेल्या खोलीत यायची होती. वादळानंतर त्या भागात तळमजल्यावर भरणारी पहिलीच शाळा. आणि त्यांना कपाट हवं होतं ते जमिनीवर बसणारं, सगळ्यात खाली खण असलेलं, मुलांना आपल्या हातानं उघडता येतील असे. आधी एक करून दाखवा, पालकांना पटलं तर वीस करू, म्हणाल्या. "घाबरतात हो आया. मीही घाबरते. भिंत झाली, पंप झाले, गेल्या दोन वादळांत इथे घोटाभर पाणी नाही आलं. येईलही कधी, कोण सांगणार? पण तोवर यांनी हात वर करून उभं राहायचं का?" सुतारबाईच्या तोंडून "करते" निघून गेलं. जिना उतरता उतरता तिच्या लक्षात आलं की आपण आजवर एकही खण केलेला नाही. फळ्या केल्या, दारं केली, खुंट्या तर हजारांनी. पण ओढला की येतो आणि ढकलला की जातो असा साधा खण तिला कुणी शिकवलाच नव्हता. शिकवणारा एकच माणूस होता आणि त्यानं अकरा वर्षांत त्या वस्तूचं नावही काढलं नव्हतं.

ती घरी चालत निघाली. नव्या फरशांवरून, पायऱ्या चढून जायच्या दुकानांवरून, आणि पावला-पावलाला तिच्या हाताला कुठूनतरी एका पितळी कडीचा गारवा लागत होता. लहानपणी घरातल्या, बाबांनी स्वतः केलेल्या मोठ्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण तिचा होता. तसं कुणी ठरवलं नव्हतं. तिचा हात तिथेच पोचायचा म्हणून तो तिचा. त्यात बटणं होती, चॉकलेटची चांदी होती, रिकामी रिळं होती, एक मेलेला भुंगा काडेपेटीत होता. बाबा खण उघडून बघत नसत. आई झाडायला वाकली की म्हणायची, "मालकीणबाई, आपल्या इलाख्यात झाडू फिरवू का?" आणि ती विचार करून परवानगी द्यायची. स्वतःचं असं काहीतरी जगात आहे, ते आपण कुणाला न विचारता उघडू शकतो, ही गोष्ट तिला त्या खणानं शिकवली. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीत तिला टंकलेखकाचं काम लागलं, ती तिकडेच राहायला गेली, आणि जाताना शहाण्या मुलीसारखा तिनं तो खण स्वच्छ रिकामा करून दिला. रिकामी जागा घरात कोण ठेवतो? आईनं आपल्या दम्याची औषधं तिथे ठेवली. पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा. त्या रिकाम्या खणाचा विचार सुतारबाईला दाढदुखीसारखा होता. दिवसभर कामात दुखत नसे, जरा निवांत बसलं की ठणका सुरू.

वादळानंतर नवव्या दिवशी ती घरी पोचली होती. आई नव्हती. बाबा अंगणात उभे होते, आणि खोलीत चिखल, मासळीचा वास, आणि भिंतीला टेकून ते कपाट तसंच उभं. ती काही न सुचून त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि जुन्या सवयीनं खालच्या खणाला एक बोट लावलं. खण अलगद आला. आवाजसुद्धा नाही. आत डबा, डब्यात औषध कोरडं. तिनं मान वळवली तर दारात बाबा. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला तिला आजही शब्द सापडत नव्हता. संध्याकाळी त्यांनी करवत आणली आणि कपाटाचे बारीक बारीक तुकडे केले. शेजारच्या काकूंनी नंतर तिला सांगितलं ते एवढंच, की पाण्यात खण फुगून बसला, उघडला नाही, आणि दम तर थांबत नाही ना कुणासाठी. लाकूड सुकल्यावर तोच खण एका बोटानं उघडणार हे त्या खणाला काय माहीत.

कचेरी वाहून गेली होती, बाबांचे हात थरथरायला लागले होते, आणि त्या वर्षी शहरात ज्याला हातोडी धरता येईल तो सुतार होता. अशी ती सुतार झाली. बाबा एका उंच स्टुलावर बसून शिकवायचे, पाय जमिनीला लागू न देता. जुनी गिऱ्हाइकं आली की बाबांच्या खणांची आठवण काढायची: "काय तो खण हो, फटीत सुई जायची नाही." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांच्या शब्दकोशात शिव्या फार नव्हत्या, एकच होती. ढिलं. माणूस ढिला, काम ढिलं, सरकार ढिलं. एकदा ढिलं म्हणाले की ते काम मोडून पुन्हा करायचं. तिनं ते सगळं निमूटपणे शिकून घेतलं. हात चांगला बसला. फक्त खणाची गोष्ट निघाली की दोघं चहा करायला उठायची.

तर तिनं बाबांना न सांगता सुरुवात केली, म्हणजे तिला तसं वाटलं. वर्कशॉप खाली, राहायची खोली वर, मध्ये लाकडी जिना. रंध्याचा आवाज वर जातो, आणि पंचावन्न वर्षं रंधा मारलेल्या माणसाला फळी काय होणार आहे हे आवाजावरून कळतं, हे ती विसरली. पहिला खण तिनं सुई जाणार नाही असा करायचा ठरवला. गुण्या लावून काटकोन पाहिले, रंधा मारला, पुन्हा मारला. खण अडला. जरा घासला तर एका बाजूनं तिरपा चालायला लागला. दुसरा आत गेला तो बाहेरच येईना, कडी हातात आली. तिसरा तिला जमला. खरंच जमला, ढकलला की आतली हवा हुस्स करून निघायची. ती दोन तास खुशीत होती. चौथ्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटून होतं, हवेत नुसता ओलावा, आणि तो तिसरा खण असा काही बसला की तिनं पाय लावून ओढला तरी हलेना. ती फरशीवर बसली. तिच्या डोळ्यांपुढे वीस मुलं आली, वीस खण, आणि एक दमट सकाळ. मग आणखीही काही आलं, आणि तिनं लाकूड कोरायची पटाशी उचलून भिंतीवर फेकली. पटाशी रेघेच्या बरोबर खाली लागली. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बाबा जिन्यावर उभे होते. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मला तुमच्यासारखा खण जमत नाही." बोलल्यावर तिला कळलं की हे वाक्य ती चार दिवस नव्हे, अकरा वर्षं तोंडात धरून बसली होती. मग बाबा म्हणाले, "मग माझ्यासारखा करू नकोस." ते खाली आले. स्टुलाकडे गेले नाहीत. एक हात बाकावर टेकून, गुडघे कटकट वाजवत, आधी एक, मग दुसरा, असे ते तिच्यासमोर फरशीवर येऊन बसले. तिनं बाबांना जमिनीवर बसलेलं वादळानंतर पहिल्यांदाच पाहिलं. ते तिला फार लहान दिसले.

"लाकूड पाण्यानं फुगतं हे मला माहीत नव्हतं का?" ते बोलायला लागले ते अडकलेल्या खणाकडे बघत. "दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात. रेषांच्या आडवं फुगतं, लांबीला नाही. खणाला जागा सोडायची असते. माझे वडील सोडायचे, चांगली बोटाच्या पेराएवढी. त्यांचा खण खडखड वाजायचा. मी म्हणायचो, बाबा, काय हे ढिलं. मला वाटायचं आपण फार मोठे कारागीर. सुई जायची नाही, लोक म्हणायचे. मीही म्हणवून घ्यायचो." त्यांनी बोटानं खणाची कड चाचपली. "पाणी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या आईला दम लागला. आम्ही माळ्यावर. मी खाली उतरलो, पाण्यात बुडी मारून कडी धरली. ओढली. हातोडा सापडला तर पाण्यात घाव बसेना. चार वेळा गेलो. वर येऊन तिला म्हणालो, निघत नाही गं. तर मला म्हणते," आणि इथे बाबांचा आवाज एकदम आईसारखा चिडवणारा झाला, "तुमच्या हातचं कधी मोडलंय का?" त्यांनी अडकलेल्या खणावर तळवा ठेवला. "हसली होती ती. तेवढ्या दमातही. ते मी कुणाला सांगितलं नाही."

सुतारबाई रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि त्यातच म्हणून गेली, "मी खण रिकामा केला नसता तर औषध तिथे गेलं नसतं." बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं दोन आणि दोन सात सांगितले. "हे तू इतकी वर्षं मनात ठेवलंस?" तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "वेडी की काय. खण मुलांनी भरावा आणि मोठं झाल्यावर रिकामा करून द्यावा, त्यासाठीच असतो तो. चूक मापात होती. मापाची चूक सुताराची." मग बाह्या सरसावत म्हणाले, "आण तो रंधा. आणि हे बघ, ढिला कर."

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण पुढचे पाच दिवस वर्कशॉपमध्ये तोच एक शब्द होता. ती फळी घासायची, लावून बघायची, आणि बाबा फरशीवरून म्हणायचे, ढिला कर. अजून. वरच्या अंगाला करंगळीच्या नखाएवढी जागा. तळाची फळी खिळ्यानं ठोकू नकोस, खाचेत नुसती सरकव, तिला हातपाय पसरायला जागा दे. मागची फळी बुटकी, पाणी शिरलं तर निघून जाऊ दे. खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांना मेण. तिचे हात ऐकत नव्हते. अकरा वर्षांच्या सवयीनं ते फट दिसली की बुजवायला धावायचे. बाबांचंही तेच होत असणार, कारण प्रत्येक वेळी 'ढिला' म्हणताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा व्हायचा, आणि तरी ते म्हणायचे. कपाट उभं राहिलं ते बुटकं, पसरट, तळ जमिनीला टेकलेला. खाली खण, आणि त्याच्याभोवती नजरेत भरेल अशी फट. ओढला की खडखडायचा. सुतारबाईला त्याची लाज वाटत होती आणि सारखं तो उघडून बघावंसंही वाटत होतं.

"आता बुडव," बाबा म्हणाले. मागच्या अंगणात सिमेंटची मोठी टाकी होती, लाकडं भिजवायची. दोघांनी मिळून नवंकोरं कपाट तिच्यात सोडलं, तर ते तरंगायला लागलं. मग वर दगड रचले. तोवर कुंपणापाशी माणसं जमली होती. रद्दीवाला म्हणाला, "बाई, कपाटाला पोहायला शिकवताय का?" बाबा म्हणाले, "नाही, बुडायला." लोक हसले आणि मग गप्प झाले, कारण बाबांनी सांगून टाकलं की तीन दिवस ठेवणार. तीन दिवस म्हणजे काय हे त्या शहरात कुणाला समजावून सांगायला लागत नसे. बालवाडीच्या बाई रोज शाळा सुटल्यावर येऊन पाण्यात डोकावून जायच्या. सुतारबाईचं जेवणात लक्ष लागेना. लाकूड आत काय करत असेल, रेषा-रेषांतून पाणी कसं चढत असेल, हे तिला स्वतःच्याच अंगात जाणवायचं, बोटं जड झाल्यासारखी वाटायची. नाहीच उघडला तर? तर बाबा पुन्हा स्टुलावर चढून बसतील आणि या वेळी कायमचे, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मुलांच्या कपाटाचं काय, ते दुसरा कुणी बाहेरगावचा सुतारही करून देईल. बाबांना खाली आणणारं दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी चांगलं ऊन पडलं होतं. रद्दीवाला, त्याचा भाऊ, समोरचा औषधवाला आणि ती, अशा चौघांनी कपाट बाहेर काढून वर्कशॉपच्या फरशीवर ठेवलं. लाकूड काळंभोर झालं होतं, अंगभर पाणी निथळत होतं. आणि ती फट गेली होती. सुतारबाईनं वाकून पाहिलं. जिथे करंगळीचं नख जात होतं तिथे आता जेमतेम एक रेष दिसत होती. सुई गेली असती, एवढंच. कुंपणापाशी होते ते सगळे आत आले होते, बाई एका कोपऱ्यात मुठी आवळून उभ्या. बाबा पुढे आले. ती म्हणाली, "मी ओढू का?" बाबांनी नाही म्हणून मान हलवली. कपाटापुढे ते उकिडवे बसले, हात पुसून पुढे केला. मग कडीत एक बोट अडकवलं. एकच.

खण क्षणभर हलला नाही. मग आला. खडखड नाही, कुरकुर नाही, जड, ओल्या, शहाण्यासुरत्या चालीनं पूर्ण बाहेर आला, आणि त्यात कोंडलेलं पाणी भसकन काठावरून बाबांच्या मांडीवर, फरशीवर, बाईंच्या चपलांत, औषधवाल्याच्या स्वच्छ विजारीवर उडालं. कुणी मागे सरकलं नाही. सुतारबाईच्या छातीत असं काही मोकळं झालं की तिला हसू आवरेना. ती हसत होती आणि तिला हेही कळत होतं की ती आईसारखी हसते आहे, तोंडावर हात न घेता. रद्दीवाल्याची बायको, जी आजवर तिच्याकडून फक्त खुंट्या नेत आली होती, ती पुढे होऊन म्हणाली, "मला एक पाहिजे असा. अगदी खाली. जमिनीला लागून." "मला दोन," औषधवाला म्हणाला, "शिडीनं गुडघे गेले माझे." मग सगळेच बोलायला लागले आणि कुणाचं कुणाला ऐकू येईना. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खण लावला, उघडला, लावला. प्रत्येक वेळी थोडं पाणी यायचं. उकिडवं बसून पाय भरून आले असावेत, ते सरळ त्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसले.

"बाबा, उठा, भिजलात सगळे," सुतारबाई म्हणाली.

"असू दे गं, पाणीच आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खण पुन्हा उघडला.